सुटणारा सांधा

लेगोचा आठ उंचवट्यांचा नेहमीचा ठोकळा उलटा केला, की पोटात तीन पोकळ नळ्या दिसतात. मुलं त्यांच्याकडे बघत नाहीत, मोठी माणसंही नाहीत. पण या खेळण्याची सगळी करामत त्या नळ्यांत आहे. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावच्या ओले कर्क क्रिस्टियानसेन या सुतारानं १९३२ मध्ये लाकडी खेळणी करायला सुरुवात केली. १९४९ मध्ये त्याच्या कारखान्यातून प्लॅस्टिकचे ठोकळे बाहेर पडले, तेव्हा ते आतून साफ पोकळ होते. त्यांची कल्पनाही घरची नव्हती. इंग्लंडच्या हिलरी फिशर पेज यांच्या ‘किडीक्राफ्ट’ ठोकळ्यांवरून ती उचललेली होती. हे ठोकळे एकावर एक बसत, पण एकमेकांना धरून ठेवत नसत. मनोरा जरा उंच झाला आणि कुणाचा धक्का लागला, की सगळं खाली. ओले कर्क यांचा मुलगा गॉटफ्रेड यानं २८ जानेवारी १९५८ रोजी ज्या पेटंटसाठी अर्ज केला, त्यात पोटातल्या नळ्या आल्या. आता खालच्या ठोकळ्याचा प्रत्येक उंचवटा वरच्या ठोकळ्याची भिंत आणि नळी यांच्यात चिमटला जाऊ लागला.

नुसती पकड आणणं अवघड नसतं. खिळा ती आणतो, डिंक आणतो, सिमेंट आणतं. लहान मुलाच्या बोटांनी सुटेल आणि सुटल्यावर पुन्हा तितकीच घट्ट बसेल, अशी पकड आणणं अवघड. त्यासाठी १९६३ मध्ये कंपनीनं जुनं प्लॅस्टिक सोडून एबीएस हे अधिक टिकाऊ आणि किंचित लवचीक प्लॅस्टिक घेतलं. साचे इतके काटेकोर केले, की मापातली चूक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपासच राहावी. १९५८ चा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो तो यामुळे. या खेळण्याचं कौतुक करताना आपण त्यातून काय काय जोडता येतं, याची यादी देतो. माझं म्हणणं वेगळं आहे. त्यातली सर्जनशीलता जोडण्यापेक्षा सुटण्यात अधिक आहे, आणि हे लक्षात न आल्यामुळे ते विकणारे, विकत घेणारे आणि मुलांच्या हाती देणारे आपण सगळेच त्याचा निम्मा गुण वाया घालवतो.

आधी नेहमीचं कौतुक तपासू. आठ उंचवट्यांचे एकाच रंगाचे दोन ठोकळे २४ प्रकारे जोडता येतात, तीन ठोकळे १,०६० प्रकारे. सहा ठोकळ्यांसाठी १९७४ मध्ये कंपनीनं १०,२९,८१,५०० हा आकडा काढला आणि तो वर्षानुवर्षं मिरवला. पुढे कोपनहेगन विद्यापीठातले गणितज्ञ सोरेन आयलर्स यांनी हिशेब तपासला, तेव्हा कळलं की त्यात फक्त सहा मजली मनोरेच मोजले होते. बुटक्या, पसरट रचना मोजल्याच नव्हत्या. संगणकाच्या मदतीनं खरा आकडा निघाला ९१,५१,०३,७६५. ही दुरुस्ती मजेची आहे. शक्यतांचा गौरव करायला निघालेल्यांनाही आधी मनोराच सुचला.

पण साडेएक्क्याण्णव कोटी म्हणजे सर्जनशीलता नव्हे. त्यांतल्या बहुतेक रचना कुणी कधी करणार नाही, केल्या तरी कुणी त्यांच्याकडे दुसऱ्यांदा बघणार नाही. शक्यतांचा ढीग यंत्रही उपसू शकतं. माणसाचं काम त्यातली एक निवडण्याचं, आणि निवड सुधारते ती निवडून पाहिल्यावर, पसंत न पडल्यावर, मागे आल्यावर. इथे सुटणारा सांधा कामाला येतो. लाकडात चुकीचा काप बसला तर फळी गेली. कापड चुकीचं बेतलं तर कापड गेलं. नवशिक्याचा हात आखडतो तो कल्पना नसल्यामुळे क्वचितच. बहुधा सामान वाया जाण्याच्या आणि त्यावरून बोलणी खाण्याच्या भीतीनं. ठोकळ्यात चुकीची किंमत जवळजवळ शून्य असते, म्हणून आधी करून बघायचं आणि काय केलं ते मग समजून घ्यायचं, हा क्रम परवडतो.

कुणी म्हणेल, ओल्या मातीतही हेच होतं. होतं, पण वेगळ्या तऱ्हेनं. मातीचा हत्ती बिघडला की बहुधा सगळा गोळा पुन्हा मळावा लागतो. आधीचे बरे निर्णयही वाईट निर्णयाबरोबर पुसले जातात. ठोकळ्यांच्या घरातली एक खिडकी तेवढी काढून दुसरीकडे लावता येते, बाकीचं घर जागेवर राहतं. एकच निर्णय मागे घ्यायचा आणि उरलेले शाबूत ठेवायचे, ही सोय फार थोड्या माध्यमांत असते. विचार करताना आपल्याला नेमकी हीच सोय हवी असते.

या सांध्यात मर्यादाही आहेत, आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. ठोकळा जगाला काटकोनात बघायला लावतो. उंचवट्यापासून उंचवट्यापर्यंतचं अंतर ८ मिलिमीटर, ठोकळ्याची उंची ९.६, चपट्या पट्टीची ३.२. गोल घुमट करायचा तर पायऱ्यापायऱ्यांचा होतो. वेलीची वळणं, माणसाचा गाल, पाण्याची लाट, सगळ्यांना कोपरे फुटतात. पण या मापांत एक मेख दडलेली आहे. पाच चपट्या पट्ट्या एकावर एक ठेवल्या की उंची भरते १६ मिलिमीटर, म्हणजे बरोबर दोन उंचवट्यांची रुंदी. पाच ठोकळे उभे रचले की ४८ मिलिमीटर, म्हणजे सहा उंचवटे. हे गणित उमगलेला माणूस ठोकळे आडवे लावतो, उंचवटे वर ठेवण्याऐवजी बाजूला वळवतो, आणि भिंतीत अशा बारीक रेषा, असे सफाईदार पृष्ठभाग आणतो, की हे त्याच सामानातून झालं यावर विश्वास बसत नाही. मुरलेल्या रचनाकारांची निम्मी विद्या या ‘आडव्या’ बांधणीची आहे. नियम सैल करून ती आली नाही. नियम इतका नेमका होता, की त्याच्या आतच दुसरं दार सापडलं.

मग संचाबरोबर येणाऱ्या पुस्तिकेचं काय? ठरावीक वस्तूचे सुटे भाग आणि टप्प्याटप्प्यानं जोडणी दाखवणारी चित्रं असलेले संच १९६४ पासून येऊ लागले. १९९९ मध्ये ‘स्टार वॉर्स’चे संच आले, तेव्हापासून चित्रपटांतल्या वाहनांची आणि महालांची रांग लागली. २००८ च्या ताजमहालाच्या संचात ५,९२२ तुकडे होते. आज खेळण्यांच्या दुकानात खोक्यावर तयार वस्तूचा फोटो असतो आणि मूल त्या फोटोवर बोट ठेवून हट्ट धरतं. मोरो आणि एंगसेट या दोन अभ्यासकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही लोकांना पुस्तिकेप्रमाणे संच जोडायला दिला, काहींना ठोकळे देऊन मनाला येईल ते करायला सांगितलं. त्यानंतर सगळ्यांना वेगळंच, मोकळं उत्तर असलेलं काम दिलं. पुस्तिकेबरहुकूम जोडणाऱ्यांची कामगिरी त्यात फिकी पडली, आणि पुढचं काम निवडायला सांगितल्यावर त्यांचा कल ठरीव उत्तराच्या कामाकडे दिसला. ठोकळे तेच असताना, हात कोणत्या रीतीनं चालवला यावरून नंतरचा विचार बदलला.

एवढ्यावरून पुस्तिका फाडून टाका, असं मी म्हणणार नाही. गाणं शिकणारा मुलगा पहिली काही वर्षं गुरूनं दिलेली बंदिश जशीच्या तशी गळ्यावर चढवतो. तिथेच त्याला रागाच्या जागा कळतात. चांगल्या संचाची पुस्तिकाही अशा जागा दाखवते. ती आडवी बांधणी, तो बिजागरीचा उपयोग, एका तुकड्यानं दुसऱ्याचा भार उचलण्याची ती युक्ती स्वतःहून सुचायला कित्येक वर्षं गेली असती. मात्र बंदिश पाठ झाली आणि आलापाला बसायची वेळ कधी आलीच नाही, तर त्याला कुणी गवई म्हणत नाही. आपल्या घरांत नेमकं हे घडतं. संच पूर्ण होतो, फोटो निघतो, नातेवाइकांना जातो, आणि ताजमहाल काचेच्या कपाटात जाऊन बसतो. ‘मोडू नकोस हं, महागाचा आहे’ या वाक्यानं त्या खेळण्याचं आयुष्य संपतं. त्याच्यातल्या हजारो सांध्यांना सुटता येतं, हे घरात सगळे विसरतात.

विकणारेही हा धडा महागात शिकले. नव्वदच्या दशकाअखेरीस कंपनीला वाटलं, की संगणकावरच्या खेळांच्या काळात साधे ठोकळे मागे पडतील. संचागणिक खास तुकडे निघू लागले. एकाच गाडीत शोभेल असा पुढचा भाग, एकाच राक्षसाला लागेल असा हात. वेगवेगळ्या तुकड्यांची संख्या बारा हजारांच्या पुढे गेली. २००३-०४ मध्ये कंपनी बुडण्याच्या बेतात होती. दुसरी कारणं होतीच. करमणूक उद्यानांपासून कपड्यांपर्यंत नको तिथे पसारा वाढवला होता. पण २००४ मध्ये सूत्रं हाती घेतलेल्या योर्गन विग नुडस्टॉर्प यांनी जी कामं केली, त्यांत तुकड्यांचे प्रकार जवळपास निम्म्यावर आणणं हे एक मोठं काम होतं. साच्यांचा खर्च वाचला, हा व्यापारी हिशेब झाला. मला त्यात खेळाचाही हिशेब दिसतो. जो तुकडा एकाच जागी बसतो, तो सुटून उपयोग नाही. सुटल्यावर जायला त्याला दुसरी जागाच नसते. तुकड्याला आपलं भविष्य जितकं कमी ठाऊक, तितका तो खेळणाऱ्याच्या कामाचा.

अँडोरातल्या दाविद अगिलार या तरुणाचं उदाहरण इथे लखलखीत आहे. जन्मतः उजवा हात अपुरा असलेल्या या मुलानं २०१७ मध्ये हेलिकॉप्टरचा संच घेतला आणि त्याच्या तुकड्यांतून स्वतःसाठी हालणारा कृत्रिम हात उभा केला. संच बनवणाऱ्यांनी त्या तुकड्यांना पंखे आणि सांगाडा म्हणून पाठवलं होतं. ब्राझीलमधल्या अंधांसाठी काम करणाऱ्या डोरिना नोविल प्रतिष्ठानाच्या कल्पनेतून आलेले ब्रेल ठोकळे त्याहून साधे. ब्रेलचं अक्षर दोन स्तंभ आणि तीन ओळींत बसणाऱ्या सहा टिंबांचं. आठ उंचवट्यांच्या ठोकळ्यावर अक्षरापुरते उंचवटे ठेवायचे, बाकीचे काढायचे, खालच्या मोकळ्या जागेत डोळसांसाठी तेच अक्षर छापायचं. २०२० मध्ये हे ठोकळे शाळांपर्यंत जाऊ लागले. दृष्टिहीन मूल आणि त्याची डोळस बहीण एकाच पाटीवर शब्द जुळवू शकतात, चुकलेलं अक्षर उचलून दुसरं बसवू शकतात. साठ वर्षं उंचवटे तिथेच होते. ते वाचता येतील, हे कुणाला तरी दिसावं लागलं.

कलावंतांनी या माध्यमाचं काय केलं, ते बघताना सांध्याची कसोटी फार उपयोगी पडते. वकिली सोडून ठोकळ्यांचा शिल्पकार झालेल्या अमेरिकेच्या नेथन सवाया यांच्या प्रदर्शनांना जगभर गर्दी होते. छाती उघडून आतले पिवळे ठोकळे सांडणारा त्यांचा माणूस खरोखर परिणामकारक आहे. पण ते तुकडे डिंकानं चिकटवतात. प्रदर्शन गावोगाव न्यायचं तर ते समजण्यासारखं आहे, तरी चिकटवल्याक्षणी ठोकळा चित्रातला एक रंगीत चौकोन होतो. दगडाचं शिल्प तसं हे प्लॅस्टिकचं. २०१४ च्या ‘द लेगो मूव्ही’तल्या खलनायकाचं शस्त्र डिंकच आहे, हे त्याच्या लेखकांना हा मुद्दा पुरता उमगल्याचं लक्षण.

कलावंत ओलाफुर एलियासन यांनी २००५ मध्ये अल्बेनियाच्या तिराना शहरात उलटी वाट धरली. तीन टन पांढरे ठोकळे त्यांनी भर चौकात टेबलांवर मांडले आणि लोकांना सांगितलं, तुमचं शहर बांधा. कित्येक दशकांच्या हुकूमशाहीत अल्बेनियाच्या नागरिकाला शहराच्या आखणीत काही बोलण्याची सोय नव्हती. चौकात येणारा माणूस कुणाचा तरी मनोरा थोडा मोडी, त्याच ठोकळ्यांतून पूल करी, आणि पुढचा माणूस तो पूल वाढवी किंवा काढून टाकी. हाच प्रयोग २०१५ मध्ये न्यूयॉर्कमधल्या हाय लाइन या उन्नत उद्यानात झाला, तेव्हा आधी नामवंत वास्तुविशारदांनी आपापल्या इमारती रचून दिल्या, आणि नंतर लोकांनी त्यांत हात घातला. दोरखंड लावून त्या इमारती जपल्या असत्या, तर प्रयोगात राम उरला नसता. यान फोरमान हे जर्मन कलावंत २००७ पासून जुन्या शहरांच्या पडक्या भिंतींतल्या भेगा रंगीत ठोकळ्यांनी बुजवतात. डागडुजी म्हणून ती कुचकामी आहे. पण जाणाऱ्याला भेग दिसते, ती अजून कुणी बुजवलेली नाही हे दिसतं, आणि भरलेला ठोकळा उपटून आपला लावण्याचा मोहही होतो.

या मोकळेपणाला गोंडस समजू नये. पोलंडच्या ज्बिग्नेव्ह लिबेरा यांनी १९९६ मध्ये पोलीस ठाण्याच्या आणि इस्पितळाच्या संचांतले तुकडे वापरून छळछावणीचा संच तयार केला. हसऱ्या खोक्यांतल्या सामानातून तारांची कुंपणं आणि बराकी उभ्या राहिल्या. चिनी कलावंत आय वेईवेई यांनी २०१४ मध्ये अल्कट्राझच्या जुन्या तुरुंगात विवेकासाठी कैद भोगलेल्या १७६ माणसांचे चेहरे ठोकळ्यांत मांडले. पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियातल्या प्रदर्शनासाठी त्यांनी घाऊक मागणी नोंदवली, तेव्हा राजकीय कामासाठी माल देत नाही म्हणून कंपनीनं नकार दिला. लोकांनी आपापल्या घरचे ठोकळे त्यांना आणून दिले, आणि जानेवारी २०१६ मध्ये कंपनीनं तो नियम मागे घेतला. त्यात तिचा नाइलाज होता. ज्या तुकड्यातून काहीही होऊ शकतं, त्यातून काय होऊ नये हे विकणारा ठरवू शकत नाही.

आपल्याकडे या चर्चेवर एक रास्त आक्षेप येतो, तो किमतीचा. मोठ्या संचाच्या पैशात एखाद्या घराचा महिन्याचा किराणा भरतो, आणि गल्लीतल्या दुकानात पिशवीतून मिळणारे स्वस्त ठोकळे एक तर धरत नाहीत, नाही तर दातांनी ओढावे लागतात. पण सांधा ही कुणा कंपनीची मिरास नाही. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये आणि युरोपीय न्यायालयानं २०१० मध्ये सांगितलं, की ठोकळ्याचा आकार ही तांत्रिक गरज आहे. पेटंटची मुदत संपल्यावर तो व्यापारचिन्ह म्हणून कायमचा राखून ठेवता येणार नाही. आणि त्याहून महत्त्वाचं, सांधे इतरही असतात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या बालवाड्यांत माँटेसोरीची महागडी साधनं बाजूला ठेवून शंख-शिंपले, बिया, खडे, पानं यांवर काम चालवलं. पुण्याच्या टेल्कोत अभियंता असलेले अरविंद गुप्ता १९७८ मध्ये होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि काड्यापेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून त्यांनी एक जोडणीसंच केला. नळीचा बारीक तुकडा हाच सांधा. दोन काड्या दोन टोकांनी आत सरकवायच्या.

हा संच लेगोचा गरीब भाऊ मानण्याचं कारण नाही. काड्यांचा चौकोन करा, बोटानं ढकला, तो कलतो आणि समांतरभुज होतो. त्रिकोण करा, तो हलत नाही. पुलाच्या आणि छपराच्या कैच्यांत त्रिकोण का असतात, हे एका मिनिटात बोटांना कळतं. प्लॅस्टिकचा ठोकळा हे कधी शिकवणार नाही, कारण त्याच्या पकडीमुळे काटकोन आपोआप ताठ राहतो. बळाची सगळी गोष्ट त्या पकडीत लपून जाते. उलट रबरी सांध्यातून आडवी बांधणी आणि मापांचं गणित कळणार नाही. प्रत्येक सांधा जगाबद्दल काही सांगतो आणि काही झाकतो. मुलाच्या हाती एकच महाग सांधा देण्यापेक्षा दोन-तीन जातींचे स्वस्त सांधे यावेत, हे मला अधिक शहाणपणाचं वाटतं.

राहिला प्लॅस्टिकचा प्रश्न. १९९७ मध्ये ‘टोकिओ एक्सप्रेस’ जहाजावरून लाटेनं पडलेल्या एका कंटेनरमध्ये लेगोचे जवळपास ४८ लाख तुकडे होते. इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावर ते अजूनही लागतात. टाकाऊ बाटल्यांपासून ठोकळा करण्याचा कंपनीचा बेत २०२१ मध्ये जाहीर झाला आणि २०२३ मध्ये सोडून द्यावा लागला, कारण त्या प्रक्रियेत कार्बनचं उत्सर्जन कमी होण्याऐवजी वाढत होतं. जे द्रव्य पिढ्यान्‌पिढ्या टिकतं, ते पिढ्यान्‌पिढ्या वापरलं तरच क्षम्य ठरतं. ते तसं वापरलं जाण्याची एकच अट आहे: रचना मोडली जावी आणि तुकडे पुन्हा डब्यात यावेत. कपाटातला ताजमहाल पर्यावरणाच्या हिशेबातही एकदाच वापरलेलं प्लॅस्टिक असतो.

म्हणून खोकं विकत घेताना झाकणावरच्या फोटोपेक्षा एक साधा प्रश्न विचारावा: ही वस्तू मोडल्यावर यातले किती तुकडे दुसऱ्या कशात बसतील? उत्तर ‘बहुतेक सगळे’ असेल तर किंमत वसूल. आणि घरी आल्यावर मुलाला पुस्तिका जरूर द्यावी, वस्तू पूर्ण झाल्यावर कौतुकही करावं, पण ती किती दिवस टिकवायची हे त्याच्यावर सोडावं. आपल्या शाळांत मुलांच्या हातून पुरी झालेली, बिनचूक, भिंतीवर टांगण्याजोगी वस्तू हवी असते. आपल्या घरांतही तेच. आपण केलेलं चांगलं काम आणखी काही सुचलं म्हणून स्वतःच्या हातानं मोडायचं, हे धाडस दुसरीकडे कुठे शिकवलं जात नाही. ते इतक्या स्वस्तात शिकता येतं, तर काचेचं कपाट आड येऊ देऊ नये.